चाल आपली, हिशेब प्रतिस्पर्ध्याच्या पाळीचा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: वर्षभर वॉरहॅमर 40,000 हा छोट्या मॉडेलच्या सैन्यांचा टेबलावरचा युद्धखेळ खेळून झाला, सैन्याची निवड वाईट नाही, फासेही नेहमीच उलटे पडत नाहीत; तरीही तिसऱ्या फेरीपर्यंत निम्म्या तुकड्या नको त्या जागी अडकलेल्या असतात आणि ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे ताबा ठेवल्यास गुण देणाऱ्या टेबलावरच्या खुणा, प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात गेलेल्या असतात. अशा वेळी तुकड्या नेमक्या कशा हलवाव्यात, आणि वेगवान मोटारसायकलस्वार दर डावात पहिल्या-दुसऱ्या फेरीतच का गारद होतात?

मी हे खेळ बरीच वर्षे खेळत आणि नव्या खेळाडूंना शिकवत आलो आहे. प्रश्नात वर्णन केलेली अवस्था मी इतक्या टेबलांवर पाहिली आहे, की तिचे मूळ कुठे असते याबद्दल माझ्या मनात फारशी शंका उरलेली नाही. आपण तुकडी हलवतो ती या पाळीत तिला चांगला नेम मिळावा म्हणून. पण त्या चालीचा खरा निकाल लागतो प्रतिस्पर्ध्याची पाळी संपल्यावर. बहुतेक मिशनमध्ये ऑब्जेक्टिव्हचे गुण दुसऱ्या फेरीपासून आणि आपल्याच कमांड टप्प्यात, म्हणजे पाळीच्या सुरुवातीला, मोजले जातात, म्हणजे आज जिथे जाऊन उभे राहिलो तिथे समोरच्याचा गोळीबार, चार्ज (हातघाईला भिडण्यासाठीची धाव) आणि हातघाई हे सगळे सोसून टिकलो तरच गुण पदरात पडतात. म्हणून तुकडीला हात लावण्यापूर्वी ‘येथून मी कोणाला मारू शकेन’ हा प्रश्न दुसरा असला पाहिजे. पहिला प्रश्न ‘येथे मला कोण गाठू शकेल, आणि गाठले तर माझे काय जाईल’ हा आहे.

खाली दिलेले आकडे 2023 साली आलेल्या दहाव्या आवृत्तीचे आहेत. इतर खेळांत आकडे बदलतील, विचाराची पद्धत फारशी बदलणार नाही.

आधी आपल्याजवळ चालीचे भांडवल किती आहे ते पाहू. डाव पाच फेऱ्यांचा असतो आणि सामान्य पायदळाची चाल 6 इंचांची असते, म्हणजे धावणे सोडले तर पूर्ण डावात त्या तुकडीला एकंदर 30 इंच मिळतात. 2000 गुण किमतीच्या सैन्यांच्या डावाचे टेबल 44 बाय 60 इंच असते. याचा अर्थ असा, की पायदळाची तुकडी सरळ रेषेत, कोठेही न थांबता आणि एकही वळण न घेता चालली तरी ती टेबलाची लहान बाजूसुद्धा पूर्ण ओलांडू शकत नाही. पहिल्या फेरीत डावीकडे नेलेली तुकडी तिसऱ्या फेरीत उजवीकडे हवी होती असे लक्षात आले, तर तिचा डाव तिथेच संपलेला असतो. 1824 साली प्रशियात राइसविट्झ यांनी मांडलेल्या युद्धखेळात 1:8000 प्रमाणाचा नकाशा आणि दोन मिनिटांची पाळी होती, आणि तेवढ्या वेळात सैन्य किती सरकेल यावरून चाल ठरत असे. हा दृष्टिकोन मला आजही उपयोगी वाटतो, कारण इंच म्हणजे मुळात वेळ आहे आणि तो परत मिळत नाही. त्यामुळे मांडणीच्या वेळीच प्रत्येक तुकडीबद्दल ‘तिसऱ्या फेरीत ही कुठे हवी’ हे ठरवून तेथून उलटे मोजत यावे.

आता धोक्याच्या पल्ल्याकडे वळतो, आणि येथे थोडा वेळ थांबतो, कारण बहुतेक खेळाडू हा हिशेब अंदाजाने करतात आणि तिथेच फसतात. समोरची हातघाईची तुकडी 6 इंच चालते, मग दोन फासे टाकून चार्ज करते, आणि तिला आपल्यापासून 1 इंचाच्या आत येऊन थांबणे पुरेसे असते. म्हणजे बेसच्या, म्हणजे मॉडेलच्या पायाखालच्या चकतीच्या, कडेपासून कडेपर्यंतचे अंतर जितके असेल त्यातून 7 वजा केले, की तिला दोन फाशांवर किती हवेत ते कळते. आपण 13 इंचांवर उभे असू तर तिला 6 हवेत आणि ते 72 टक्के वेळा पडतात. 14 इंचांवर हीच शक्यता 58 टक्क्यांवर येते, 15 वर 42, 16 वर 28 आणि 17 वर 17. उलट आपण 13 वरून आणखी पुढे सरकून 12 वर आलो, तर ती 83 होते. 13 आणि 16 यांच्यामधले तीन इंच मागे राहून आपण शत्रूची शक्यता पाऊणवरून जवळजवळ पावावर आणतो. टेबलावर इतके मोलाचे इंच दुसरीकडे क्वचितच सापडतात. चार्ज 12 इंचांच्या आतल्या शत्रूवरच करता येतो, म्हणून 18 इंचांपलीकडे गेलो तर 6 चालणारी तुकडी आपल्याला त्या पाळीत गाठूच शकत नाही. अर्थात धावून किंवा मागे हटूनही चार्ज करू देणारी खास क्षमता असेल, चाल जास्त असेल किंवा फासे पुन्हा टाकण्याची सोय असेल, तर हे आकडे वाढवून धरावे लागतात. खेळ सुरू होण्यापूर्वीच प्रतिस्पर्ध्याला प्रत्येक तुकडीची चाल आणि अशा क्षमता स्पष्ट विचारून घ्याव्यात. त्यात काही कमीपणा नाही; चांगला खेळाडू आनंदाने सांगतो.

हा हिशेब माहीत असलेला खेळाडू तुकडीला ‘सुरक्षित’ आणि ‘असुरक्षित’ अशा दोनच खान्यांत टाकत नाही. तो किंमत लावतो. स्वस्तातली पाच जणांची तुकडी 13 इंचांवर ठेवून शत्रूची महागडी तुकडी बाहेर ओढता येत असेल आणि मागे माझे तोफखान्याचे रणगाडे तयार असतील, तर मी ते 72 टक्के आनंदाने देतो. सेनापतीसोबतची महत्त्वाची तुकडी असेल तर 28 टक्केसुद्धा मला जास्त वाटतात. पुढे पाठवायचे ते गमावण्याची तयारी असेल तेवढेच, आणि गमावले तर बदल्यात काय मिळणार हे पाठवतानाच ठरलेले असावे.

आडोशाबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण तिच्याविषयी गैरसमज फार आहे. पडक्या इमारतीच्या ‘आत’ असणे आणि ‘मागे’ असणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. इमारतीच्या पायाच्या आराखड्यातून आरपार पाहता येत नाही, त्यामुळे पूर्णपणे मागे असलेली तुकडी दिसत नाही. पण त्या आराखड्यात एका मॉडेलचा पाय पडला तरी ते मॉडेल आत आहे असे धरले जाते आणि त्याच्यावर नेम धरता येतो. पायदळ भिंतींमधून चालू शकते, म्हणून पायदळाने मागे, कडेपासून अगदी थोडे अंतर सोडून उभे राहावे आणि पुढच्या पाळीत भिंत ओलांडून बाहेर यावे. नवे खेळाडू सवयीने आत जाऊन बसतात, त्यांना सुरक्षित वाटते, आणि समोरच्याच्या पूर्ण तोफखान्याला त्यांनी स्वतःहून लक्ष्य दिलेले असते.

एक प्रसंग सांगतो. एका डावात मी पहिल्याच फेरीत माझा रणगाडा दोन इमारतींमधल्या अरुंद वाटेत घातला, कारण तिथून शत्रूच्या वाहनावर उत्तम नेम मिळत होता. नेम लागला, वाहन उडाले, मी खूश झालो. प्रतिस्पर्ध्याने त्याच्या पाळीत काहीही मारले नाही; त्याने फक्त पाच जणांची एक हलकी तुकडी आणून त्या वाटेच्या तोंडाशी, माझ्या रणगाड्यासमोर दोन इंचांवर आडवी उभी केली. पुढच्या पाळीत मी मोजपट्टी हातात घेतली आणि लक्षात आले, की रणगाडा शत्रूच्या मॉडेलमधून जाऊ शकत नाही, त्यांच्यापासून 1 इंचाच्या आतही येऊ शकत नाही, आणि मागे माझाच दुसरा रणगाडा उभा होता, ज्याच्यातून पहिला जाऊ शकत नव्हता. गोळीबाराचा टप्पा चालीच्या नंतर येतो. म्हणजे ती पाच जणांची तुकडी मी त्याच पाळीत संपवली, तरी मोकळी झालेली वाट मला पुढच्या पाळीसाठीच मिळाली, आणि तेव्हा तिथे दुसरी तुकडी येऊन उभी राहिली. दोन रणगाडे दोन फेऱ्या जागच्या जागी राहिले आणि मधले ऑब्जेक्टिव्ह गेले. त्या दिवसापासून मी वाहन थांबवताना त्याला बाहेर पडायला किमान दोन वाटा आहेत का हे पाहतो, आणि दोन वाहने एकामागे एक एकाच बोळात कधीही उभी करत नाही. शिवाय गोल नसलेल्या तळाच्या रणगाड्याला वळायलाच 2 इंच खर्ची पडतात, तेव्हा उभे करतानाच त्याचे तोंड पुढच्या चालीच्या दिशेला असलेले बरे.

त्या प्रतिस्पर्ध्याने केले तेच आपल्यालाही शिकता येते. शत्रूची वाट अडवण्यासाठी तुकडीने मॉडेलला मॉडेल खेटून उभे राहण्याची गरज नसते. 32 मिलिमीटरचा बेस साधारण 1.26 इंचांचा असतो. दोन मॉडेलमध्ये 2 इंचांपर्यंत अंतर चालते, म्हणून पाच जण पूर्ण पसरून उभे राहिले तर 14.3 इंच रुंदीची फळी तयार होते, आणि मधल्या 2 इंचांच्या फटीतून, उडणाऱ्या तुकड्या सोडल्या तर, चार्ज न करता कोणीही पलीकडे जाऊ शकत नाही. डीप स्ट्राइकने, म्हणजे राखीव राहून थेट टेबलावर मध्येच, उतरणाऱ्या तुकड्यांना आपल्यापासून 9 इंचांपेक्षा दूर उतरावे लागते, म्हणजे त्याच फळीच्या दोन्ही टोकांपलीकडे आणखी नऊ-नऊ इंच धरले तर एकट्या पाच जणांनी 32 इंचांचा पट्टा बंद केलेला असतो. 60 इंचांच्या टेबलावर तो अर्ध्याहून अधिक आहे. फळीच्या मागे टेबलाच्या कडेपर्यंत 10 इंच मोकळे सोडले तरी तिथे 32 मिलिमीटरचा बेस उतरू शकत नाही, कारण त्याला 9 इंचांहून अधिक अंतर आणि स्वतःची जागा असे दोन्ही हवे असते. मी नेहमी 9 इंचांची एक सरळ काडी कापून जवळ ठेवतो. मोजपट्टी उलगडण्यापेक्षा ती टेबलावर आडवी ठेवून भोके शोधणे फार सोपे जाते.

सात किंवा अधिक मॉडेलच्या तुकडीत मात्र प्रत्येकाला किमान दोन सोबती 2 इंचांच्या आत लागतात. दहा जणांची पूर्ण पसरलेली एकेरी रांग लावली तर टोकाचे दोघे नियमाबाहेर जातात. म्हणून टोकांना त्रिकोण करावा, आणि मारले जाणारे मॉडेल कुठून काढायचे हेही आधीच ठरवावे. साखळीतला मधला दुवा काढला आणि पाळीच्या शेवटी तुकडी तुटलेली राहिली, तर आणखी मॉडेल स्वतःच्या हाताने काढावे लागतात.

तुकड्या कोणत्या क्रमाने हलवाव्यात, यावर फारसे कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते मध्यम आणि चांगल्या खेळाडूंमधला फरक येथेच दिसतो. चालीच्या टप्प्यात अनिश्चित गोष्टी फार थोड्या असतात. मुख्य म्हणजे धावण्याचा फासा. ज्या तुकडीला धावून ऑब्जेक्टिव्ह गाठायचे आहे तिचा फासा सर्वांत आधी टाकावा, म्हणजे तो कमी पडला तर तिच्या जागी दुसरी तुकडी पाठवायला अजून मोकळी असते. त्यानंतर ज्यांनी इतरांची वाट अडवली आहे त्या पुढच्या तुकड्या हलवाव्यात, मग मागच्या. सर्वांत शेवटी फळी धरणाऱ्या तुकड्या, कारण भोक नेमके कुठे राहिले हे बाकी सगळे थांबल्यावरच कळते. तुकडीच्या आतही हाच विचार लागू होतो: ज्या एका मॉडेलला नेमकी जागा गाठायची आहे ते आधी ठेवावे आणि बाकीच्यांनी त्याच्याशी जुळवून घ्यावे. पुष्कळ जण उलटे करतात. जवळची मॉडेल सोयीने सरकवतात आणि शेवटच्या मॉडेलला जागाच उरत नाही.

बोल्ट अ‍ॅक्शनसारख्या खेळात पिशवीतून ज्याचा फासा निघेल तो आपली एक तुकडी चालवतो, तिथे हा क्रम पूर्ण बदलतो. तिथे पायदळ 6 इंच सरकून गोळीबार करू शकते किंवा 12 इंच धावून तो सोडते, आणि कोणती तुकडी पुढच्या फाशापर्यंत थांबू शकत नाही हा एकच प्रश्न महत्त्वाचा ठरतो. उघड्यावर अडकलेली तुकडी आधी हलवावी. आडोशामागची थांबू शकते.

मोजणीतली एक चूक इतकी सर्रास होते, की तिचा वेगळा उल्लेख करतो. मोजपट्टी बेसच्या पुढच्या कडेला लावली जाते, 6 इंचांवर बोट ठेवले जाते, आणि मग मॉडेलची मागची कड बोटापाशी आणली जाते. यात प्रत्येक चालीत बेसची पूर्ण रुंदी, म्हणजे 1.26 इंच फुकट मिळतात. 6 इंचांवर ही पाचव्या हिश्श्याहून जास्त वाढ आहे. हेतू वाईट नसतो, पण धोक्याच्या पल्ल्याचा वरचा सगळा हिशेब तेवढ्याने कोलमडतो. पुढच्या कडेपासून पुढच्या कडेपर्यंतच मोजावे. आणि तुकडी ठेवताना हेतू मोठ्याने सांगावा: ‘ही तुकडी मी तुझ्या त्या तुकडीपासून 18 इंचांच्या बाहेर ठेवतो आहे, तू मोजून बघ.’ दोघांनी मिळून मोजले आणि मान्य केले, की नंतर कोणाच्या कोपराचा धक्का लागून मॉडेल अर्धा इंच सरकले तरी वाद होत नाही.

ऑब्जेक्टिव्हवर उभे राहणे म्हणजे खुणेवर चढून बसणे नव्हे. 40 मिलिमीटरच्या खुणेपासून आडवे 3 इंच एवढा तिचा पल्ला असतो, म्हणून शत्रूच्या विरुद्ध बाजूच्या कडेला, जमेल तर भिंतीमागे राहूनही ताबा धरता येतो. मी ऑब्जेक्टिव्हवर शक्यतो तेवढीच मॉडेल पल्ल्यात ठेवतो जेवढी ताबा ठेवायला पुरतील, आणि उरलेली मागे. हातघाईचे दोन छोटे सरकाव, लढण्यापूर्वी 3 इंच आणि लढून झाल्यावर 3 इंच, हेही चालच आहेत. पहिला सरकाव जवळच्या शत्रूकडेच न्यावा लागतो. दुसऱ्या वेळी जवळ शत्रू उरला नसेल तर तुकडी ऑब्जेक्टिव्हकडे सरकू शकते. शत्रू संपवून शेवटच्या 3 इंचांत खुणेवर पाऊल ठेवणारी तुकडी मी अनेकदा निर्णायक ठरलेली पाहिली आहे, आणि ती चाल चार्जचा फासा टाकण्यापूर्वीच आखलेली होती.

रांगा करून चालणाऱ्या तुकड्यांच्या खेळात, उदाहरणार्थ द ओल्ड वर्ल्डमध्ये, आघाडी एका कोपऱ्याभोवती फिरवून वळणे हा महाग व्यवहार असतो, कारण तसे वळताना बाहेरच्या कोपऱ्याने कापलेले अंतर मोजले जाते. 25 मिलिमीटर बेसच्या पाच जणांची आघाडी साधारण 4.9 इंच रुंद असते. ती काटकोनात वळवायला बाहेरच्या कोपऱ्याला सुमारे 7.7 इंच चालावे लागते. आघाडी दहा जणांची केली तर हेच अंतर 15.5 होते. रुंद आघाडीला जास्त हल्ले मिळतात म्हणून ती मोहक वाटते, पण 4 इंच चालणारे पायदळ त्या रुंदीत एकदा चुकीच्या दिशेला तोंड करून उभे राहिले, तर बगलेवर आलेल्या शत्रूकडे ते असे फिरून वेळेत वळत नाही.

आता मोटारसायकलस्वारांचा प्रश्न. 12 इंच चाल असलेल्या स्वारांचा धोक्याचा पल्ला 24 इंचांचा आहे. पहिल्या फेरीत पुढे न जाताही ते अर्ध्या टेबलावर दडपण ठेवतात. त्यांना लगेच पुढे काढले की ते दडपण संपते आणि ते साधे लक्ष्य होऊन बसतात. त्यांना पहिली फेरी आडोशामागेच ठेवावे, मात्र जागा निवडताना एक गोष्ट पाहावी: पायदळाप्रमाणे स्वारांना भिंतींमधून जाता येत नाही. 12 इंच लांबीच्या इमारतीच्या बरोबर मधोमध मागे ते उभे असतील, तर कोपऱ्यापर्यंत जाण्यातच 6 इंच संपतात आणि इमारतीची रुंदी पार केल्यावर पुढे जायला जवळजवळ काहीच उरत नाही. इमारतीच्या टोकाशी, समोरून दिसणार नाही पण चाक कोपऱ्यापाशी असेल असे त्यांना ठेवावे. मग टेबलाच्या पलीकडे जाऊन, प्रतिस्पर्ध्याच्या तोफांच्या उंचीवर डोळे आणून, त्या कोपऱ्याकडे एकदा पाहावे. एखादे चाक दिसले, तर अजून वेळ गेलेली नसते. अर्धा इंच आत घ्यावे.